शू थोडी थोडी होतेय, की होतच नाहीये?

मांजराला लघवीचा त्रास होतोय असं कुणी सांगितलं की मी आधी दोनच गोष्टी विचारते. बोका आहे की मादी? आणि थेंब तरी पडतोय का? वय काय, खातो काय, रक्त दिसलं का, हे सगळं नंतर. बोका असेल, सारखा कुंथत असेल आणि थेंबही पडत नसेल, तर पुढचं वाचत बसू नका. त्याला कॅरिअरमध्ये घाला आणि व्हेटकडे निघा. मध्यरात्र असली तरी निघा.

बोक्याची मूत्रनलिका लांब असते आणि टोकाकडे फारच अरुंद होत जाते. मादीची आखूड आणि रुंद असते, त्यामुळे ती पूर्ण तुंबणं क्वचितच घडतं. बोक्याच्या त्या अरुंद जागेत कधी बारीक खडा अडकतो, कधी चिकट स्राव, प्रथिनं आणि स्फटिक मिळून बूच तयार होतं, तर कधी नुसती सूज आणि आवळलेले स्नायूच वाट बंद करतात. मूत्राशय मात्र भरतच राहतं. दाब मागे मूत्रपिंडांपर्यंत पोचतो आणि लघवीवाटे बाहेर जायला हवं ते रक्तात साठायला लागतं. त्यात सगळ्यात घातक म्हणजे पोटॅशियम. ते वाढलं की हृदयाचे ठोके मंदावतात, ताल बिघडतो आणि हृदय बंदही पडू शकतं. पूर्ण तुंबलेला बोका उपचारांशिवाय एक-दोन दिवसांत दगावू शकतो.

आमच्या भुऱ्याचं असंच झालं होतं. लिटर बॉक्समध्ये, म्हणजे शी-शूसाठी दाणे (लिटर) भरून ठेवलेल्या ट्रेमध्ये जायचा, उकरायचा, बसायचा. एरवीपेक्षा कितीतरी जास्त वेळ बसायचा. पाठीला बाक, शेपटी मुळाशी थरथरतेय, कान मागे. मग काहीच न करता बाहेर यायचा, मागे वळून चाटत बसायचा आणि पुन्हा आत. मध्येच घशातून खोल, लांबलेला आवाज काढायचा, जो मी त्याच्याकडून कधी ऐकला नव्हता. मी स्कूप घेऊन सगळं लिटर चाळलं. शूने भिजून होतो तसा एकही गोळा नाही, लिटर कोरडं ठणठणीत. मांजराचं हे असं कुंथणं बघून बद्धकोष्ठ झालंय असं पुष्कळांना वाटतं, आणि त्यात वेळ जातो. शी होत नाहीये की शू, हे लांबून बघून कळत नाही. लिटर चाळल्यावरच कळतं.

व्हेटनी त्याच्या पोटाला हात लावला आणि लगेच आत नेलं. भरलेलं मूत्राशय हाताला टणक चेंडूसारखं लागतं. अशा वेळी घरी पोट दाबून बघण्याचा मोह चुकूनही होऊ देऊ नका; ताणलेलं मूत्राशय फुटू शकतं. आत काय चालतं ते नंतर डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. आधी शिरेतून सलाईन. रक्त तपासून पोटॅशियम किती चढलंय ते बघायचं, ईसीजी लावायचा. गरज पडली तर हृदयाला सांभाळायला कॅल्शियम द्यायचं, पोटॅशियम खाली आणायला ग्लुकोज आणि इन्सुलिन. मग भूल देऊन कॅथेटर घालायचा, अडथळा हलवायचा आणि मूत्राशय धुऊन काढायचं. कॅथेटर साधारण एक ते तीन दिवस ठेवतात. वाट मोकळी झाली की काही मांजरं भराभर, प्रचंड प्रमाणात लघवी करतात. तेवढं पाणी शरीरातून गेलं की परत सलाईनने भरून काढावं लागतं, म्हणून किती आत गेलं आणि किती बाहेर आलं याचा हिशोब ठेवतात. ‘नळी घातली, मोकळं झालं, आता घरी न्या’ असा हा प्रकार नाही. दोन दिवस कशाला ठेवायचं असा प्रश्न मनात आला तर त्याचं उत्तर हे आहे.

घरी आल्यावरचे पहिले एक-दोन आठवडे फार जपायचे असतात, कारण पुन्हा तुंबण्याचा धोका तेव्हा सगळ्यात जास्त असतो. मी भुऱ्याला एका खोलीत वेगळा ठेवला, स्वतःच्या लिटर बॉक्ससह, म्हणजे कुठला गोळा कुणाचा हा प्रश्नच नको. वारंवार तुंबणाऱ्या बोक्यांसाठी एक शस्त्रक्रिया असते. तिच्यात नलिकेचा अरुंद भाग काढून रुंद भागाला बाहेर तोंड करून देतात. त्याने तुंबणं बरंचसं थांबतं, मूत्राशयाचं मूळ दुखणं मात्र राहतं. भुऱ्याला ती लागली नाही.

आता दुसरा प्रकार. थोडी थोडी होतेय, सारखी होतेय, कधी गुलाबी होतेय, आणि लिटर सोडून भलतीकडे होतेय: बाथरूमच्या फरशीवर, सिंकमध्ये, गादीवर. इथे जीव लगेच धोक्यात नसतो, तरी दुखणं खरं असतं. मांजर हे मुद्दाम करत नाही. लिटर बॉक्समध्ये बसलं की दुखतं, असं त्याच्या डोक्यात बसतं आणि ते दुसरी जागा शोधायला लागतं. त्यासाठी ओरडलं, नाक घासलं तर दुखणं आणखी वाढतं, कसं ते पुढे सांगते. बोक्याच्या बाबतीत एवढं ध्यानात असू द्या की ‘थोडी थोडी’चं ‘अजिबात नाही’ व्हायला काही तास पुरतात.

इथेच मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. लघवीचा त्रास म्हटलं की आपल्या डोक्यात पहिलं येतं ते इन्फेक्शन, आणि पाठोपाठ अँटिबायोटिक. माणसांत ते बऱ्याचदा बरोबर असतं. तरुण आणि मध्यमवयीन मांजरांत मात्र जंतुसंसर्ग हे फार कमी वेळा कारण असतं. दहा वर्षांखालच्या मांजरांत सगळ्यात जास्त आढळतो तो इडिओपॅथिक सिस्टायटिस, म्हणजे कारण न सापडणारी मूत्राशयाची सूज. मूत्राशयाला सूज आहे, रक्त येतंय, वेदना आहेत, आणि तपासण्यांत ना जंतू सापडतात ना खडा. अँटिबायोटिकने गुण आला असं अनेकांना वाटतं, कारण हा झटका बऱ्याचदा आठवडाभरात आपोआप ओसरतो. गोळ्याही तेवढेच दिवस चालतात, आणि श्रेय गोळ्यांना जातं. मग काही महिन्यांनी पुन्हा तेच.

आमच्याकडे खरा जंतुसंसर्गही झालाय, पण तो चिंगीला. चिंगी म्हातारी, मूत्रपिंडं थकलेली. मांजराची लघवी मुळात फार घट्ट असते आणि त्या घट्टपणात जंतूंचं फारसं फावत नाही. मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह, थायरॉइड वाढलेलं असणं, अशा म्हातारपणाच्या दुखण्यांत लघवी पातळ होते, शरीराची राखणही कमी पडते आणि जंतूंना जागा मिळते. तिच्या मूत्राशयातून सुईने थेट लघवी काढली. ऐकायला भयंकर वाटतं, पण सोनोग्राफीवर बघत बघत केलं तर काही क्षणांचं काम. चिंगी हललीसुद्धा नाही. ती लघवी कल्चरला पाठवली, जंतू सापडला, कुठलं औषध त्याला लागू पडतं ते कळलं आणि मग अँटिबायोटिक सुरू झालं. माझं म्हणणं एवढंच आहे की अँटिबायोटिक देण्याआधी कल्चरबद्दल विचारा. डॉक्टरांनी ‘याला अँटिबायोटिकची गरज नाही’ असं सांगितलं तर ते हलगर्जीपणा करताहेत असं समजू नका.

स्फटिकांचंही तसंच. रिपोर्टमध्ये ‘क्रिस्टल्स आढळले’ एवढं वाचून लोक घाबरतात. स्ट्रुव्हाइट नावाच्या क्षाराचे थोडे स्फटिक निरोगी मांजराच्या लघवीतही दिसू शकतात. शिवाय लघवी थंड झाली, तासन् तास पडून राहिली, फ्रिजमध्ये ठेवली की बाटलीतच नवे स्फटिक तयार होतात. मांजराच्या पोटात जे नव्हतं ते रिपोर्टमध्ये येतं. म्हणून लघवी ताजी असतानाच बघायला हवी, शक्यतो तासाभराच्या आत. घरून नमुना न्यायचा असेल तर पाणी न शोषणारे खास लिटरचे दाणे मिळतात. ते स्वच्छ ट्रेमध्ये पसरायचे आणि ड्रॉपरने लघवी उचलायची. कल्चरसाठी मात्र असा नमुना चालत नाही.

खडे ही निराळी गोष्ट. मांजरांत मुख्यतः दोन प्रकारचे: स्ट्रुव्हाइट, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेटचा, आणि दुसरा कॅल्शियम ऑक्झलेटचा. दोन्ही एक्स-रेमध्ये सहसा दिसतात. स्ट्रुव्हाइट खास आहाराने विरघळतो, बऱ्याचदा काही आठवड्यांतच. ऑक्झलेट विरघळत नाही, तो काढावाच लागतो. यामागे एक इतिहास आहे. 1970-80 च्या दशकांत सगळा दोष मांजरांच्या खाण्यातल्या मॅग्नेशियमवर आणि राखेवर (खाणं जाळलं तर मागे उरतील त्या खनिजांवर) टाकला गेला. कंपन्यांनी मॅग्नेशियम कमी केलं, लघवी आम्लधर्मी होईल असं खाणं बनवलं. त्यानंतर स्ट्रुव्हाइटचं प्रमाण घटलं आणि ऑक्झलेटचं वाढत गेलं. मिनेसोटा विद्यापीठाच्या युरोलिथ सेंटरमध्ये 1981 पासून प्राण्यांच्या खड्यांचं विश्लेषण होतं, तिथल्या आकड्यांत हा बदल स्पष्ट दिसतो. त्यामुळे ‘लघवी ॲसिडिक करा’ असं सांगून कुणी व्हिनेगर किंवा एखादी पावडर सुचवली तर हात जोडा. कुठला खडा आहे हे कळल्याशिवाय लघवीच्या आम्लतेशी घरच्या घरी खेळणं धोक्याचं आहे. स्ट्रुव्हाइटचा आहार सुरू असताना त्यात दुसरं खाणं आणि ट्रीट मिसळले तर आहाराचा परिणामच जातो. आम्ही घरातल्या सगळ्यांना हे बजावून ठेवलं होतं, कारण एक जण तरी लपून काहीतरी भरवणारा प्रत्येक घरात असतो.

खडा असो, स्फटिक असोत की नुसती सूज, पाणी मात्र तिन्हींत उपयोगी. मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिकी रानमांजर, कोरड्या प्रदेशातलं जनावर. भक्ष्याच्या शरीरातलंच बरंचसं पाणी त्याला मिळायचं. म्हणून मांजराला तहान मुळातच कमी लागते. ड्राय फूडमध्ये पाणी साधारण 10 टक्के, वेट फूडमध्ये 70 ते 80 टक्के. नुसतं ड्राय खाणारं मांजर पाणी पितं, पण तेवढी तूट भरून काढत नाही. लघवी किती घट्ट आहे ते विशिष्ट गुरुत्वावरून कळतं. मांजरात ते 1.035 च्या वर असणं नेहमीचंच. खड्यांचा इतिहास असेल तर ते 1.030 च्या खाली आणायचा प्रयत्न करतात.

भुऱ्या आयुष्यभर ड्राय फूडवर वाढलेला. वेट फूडकडे नुसतं बघून निघून जायचा. मी चमचाभर वेट फूड वेगळ्या ताटलीत, नेहमीच्या खाण्याशेजारी ठेवत गेले. मग किंचित कोमट करून. मग त्यात थोडं कोमट पाणी कालवून. याला कित्येक आठवडे गेले आणि ते जाऊ द्यायला हवेत. ‘भूक लागली की खाईल’ हा हिशोब मांजराला लावू नका. मांजर, विशेषतः जाड मांजर, काही दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून गंभीर आजार होतो. पाण्याच्या वाट्या मी पसरट ठेवल्या, मिश्यांना कड लागणार नाही अशा, आणि खाण्यापासून, लिटरपासून लांब, घरात तीन-चार ठिकाणी. काही मांजरांना वाहतं पाणी आवडतं, त्यांच्यासाठी छोटं कारंजं मिळतं. भुऱ्याने कारंज्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चिंगी तिथूनच प्यायची.

आता घराबद्दल. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या टोनी बफिंग्टन यांनी कित्येक वर्षं इडिओपॅथिक सिस्टायटिसचा अभ्यास केला. या मांजरांचं दुखणं मूत्राशयापुरतं नसतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या शरीरातली ताणाची यंत्रणाच वेगळी चालते: नॉरॲड्रेनलिनसारखी ताणाची रसायनं चढलेली, आणि त्यांना आवर घालणारं कॉर्टिसॉल त्या मानाने तोकडं. मूत्राशयाच्या आतल्या अस्तरावरचा संरक्षक थर पातळ, त्यामुळे लघवी आतल्या नसांना झोंबते. 2011 मध्ये त्यांनी या सगळ्यासाठी ‘पँडोरा सिंड्रोम’ असं नाव सुचवलं. त्याआधी 2006 मध्ये त्यांच्या गटाने 46 घरगुती मांजरांच्या मालकांकडून घरातलं वातावरण बदलून घेतलं आणि दहा महिने पाठपुरावा केला. लघवीच्या तक्रारी बऱ्याच कमी झाल्या, भीती आणि अस्वस्थपणाही कमी झाला. त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे ध्यानात ठेवूनही मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण त्यातलं सगळं आपल्याला घरी करता येण्यासारखं आहे.

भुऱ्याच्या झटक्यांची मी वहीत नोंद ठेवायला लागले. तारीख, गोळे किती, केवढे, आणि त्या सुमाराला घरात काय चाललं होतं. पानं चाळताना दिसलं की बाहेरचा एक मोठा पांढरा बोका खिडकीच्या कट्ट्यावर येऊन बसायला लागला की चार-पाच दिवसांत भुऱ्याचं सुरू होतंय. दोघांत काच होती, मारामारी कधीच झाली नव्हती. तो नुसता बसायचा आणि भुऱ्या आतून त्याच्याकडे बघत गोठून जायचा. मी खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला दुधी फिल्म लावली आणि वरच्या अर्ध्या भागातून बाहेर दिसेल अशा उंचीवर, जरा बाजूला, भुऱ्यासाठी फळी ठोकून घेतली. त्यानंतर झटके पूर्ण थांबले असं नाही, पण दोन झटक्यांमधलं अंतर खूप वाढलं.

प्रत्येक घरातलं कारण वेगळं निघेल. पाहुणे, बाळ, नवं मांजर, बांधकामाचा आवाज, जेवणाच्या बदललेल्या वेळा. घरातल्याच दोन मांजरांचं पटत नसणं हे तर फार आढळतं आणि फार कमी दिसतं, कारण ती भांडत नाहीत. एक नुसतं वाटेत आडवं बसतं आणि दुसरं लिटरकडे जायचं टाळतं. म्हणून लिटर बॉक्स मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त, आणि सगळे एका रांगेत नकोत, वेगवेगळ्या ठिकाणी हवेत. बॉक्स मांजराच्या लांबीच्या दीडपट तरी हवा; दुकानातले बहुतेक लहानच असतात, मी कपडे ठेवायचा प्लॅस्टिकचा मोठा खोका एका बाजूने कापून घेतला. लिटर बारीक, बिनवासाचं. खाण्याच्या जागा वेगळ्या, उंचावर बसायच्या आणि लपायच्या जागा पुरेशा. रोज ठरल्या वेळी थोडा खेळ. वजन वाढलेल्या, दिवसभर घरात झोपून असणाऱ्या मांजरांत हा त्रास जास्त होतो.

झटका आला की वेदनाशामक मागून घ्या. मांजराला दुखत असतं, आणि वेदना हाच त्याच्यासाठी सगळ्यात मोठा ताण. पण औषध व्हेटनी दिलेलंच. आपल्या कपाटातली पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, आयबुप्रोफेनही विषारीच. क्रॅनबेरीबद्दल पुष्कळ जण विचारतात. या सिस्टायटिसमध्ये तिचा उपयोग होतो असा भरवशाचा पुरावा नाही. आणि ‘लहानपणी नसबंदी केली म्हणून बोका तुंबला’ असं ऐकून जे ऑपरेशन पुढे ढकलतात त्यांच्यासाठी: लवकर नसबंदी केलेल्या, उशिरा केलेल्या आणि न केलेल्या बोक्यांच्या मूत्रनलिकेची रुंदी मोजून बघितली गेली आहे, तीत फरक आढळला नाही.

आम्ही बाहेरगावी जातो तेव्हा मांजरांकडे बघायला मैत्रीण येते. तिच्यासाठी फ्रिजवर एक कागद लावलेला असतो. रात्रभर उघडं असणाऱ्या प्राण्यांच्या दवाखान्याचा नंबर, कॅरिअर कुठे ठेवलाय, आणि खाली ठळक अक्षरांत: सकाळ-संध्याकाळ लिटर चाळून गोळे मोजायचे. भुऱ्याचा एकही नसेल आणि तो आत-बाहेर करत असेल तर थेट दवाखाना गाठायचा. आम्हाला फोन वाटेत केला तरी चालेल.